बाजारांचे ‘विलीनीकरण’ की ‘एकीकरण’?

प्रश्न असा आहे: युरोपातल्या बाजारपेठांवरचा एक अर्थशास्त्रीय लेख मराठीत आणताना अनुवादक बाईंनी ‘मार्केट इंटिग्रेशन’ला ‘बाजारांचे विलीनीकरण’ लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘एकात्मता’ केले. बरोबर कोणते?

मी ‘एकीकरण’ लिहीन. ‘एकात्मता’लाही जागा आहे, ती पुढे सांगतो. ‘विलीनीकरण’ मात्र इथे अजिबात नको.

विलीन होणे म्हणजे विरघळणे, वेगळे न उरणे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थान म्हणून संपले. लहान बँक मोठ्या बँकेत विलीन झाली की तिची पाटी उतरते. युरोपातल्या बाजारांचे तसे झालेले नाही. १९५७ च्या रोम कराराने सहा देशांनी सामायिक बाजारपेठ उभारायचे ठरवले आणि १ जुलै १९६८ पर्यंत आपापसातले सीमाशुल्क उठवले. तरी माल अडतच होता, कारण प्रत्येक देशाचे नियम निराळे. ‘कासिस द दिजों’ हे फळांपासून केलेले फ्रेंच मद्य घ्या. त्यात अल्कोहोल १५ ते २० टक्के. जर्मन कायद्याला अशा मद्यात किमान २५ टक्के हवे. म्हणून ते जर्मनीत विकता येईना. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनवून विकला जाणारा माल, तसे सबळ कारण असल्याशिवाय, दुसऱ्या देशाला अडवता येणार नाही. बेल्जियममध्ये तर मार्गारीन (लोण्याऐवजी वापरायचा, तेलापासून केलेला पदार्थ) घनाकृती वेष्टनातच विकावे असा नियम होता. ग्राहकाने त्याला लोणी समजू नये म्हणून. १९८२ मध्ये तोही टिकला नाही. त्यासाठी वेष्टनावर स्पष्ट छापले तरी पुरते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

यात विरघळले काहीच नाही. मद्य होते तेवढेच सौम्य राहिले, फक्त वाट मोकळी झाली. म्हणूनच ‘एकजीव’ हा माझा आवडता शब्दही इथे बसत नाही. पीठ आणि पाणी एकजीव झाले की पुन्हा वेगळे काढता येत नाही.

आता व्याकरण. ‘एकीकरण’मधला ‘ई’ संस्कृतातल्या च्वि प्रत्ययामुळे येतो. जे आधी तसे नव्हते ते तसे करणे, हा त्याचा अर्थ. म्हणजे शब्दातच प्रक्रिया आहे. ‘एकात्मता’ ही स्थिती. हा फरक अभ्यासकांच्या फार कामाचा आहे, कारण ते नेमके हेच तपासतात: अडसर काढले खरे, पण एकाच वस्तूच्या दोन देशांतल्या किमती जवळ आल्या का? १ जानेवारी १९९३ ला एकल बाजारपेठ सुरू झाली, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे एकाच मोटारीच्या करपूर्व किमतीत देशादेशांत मोठी तफावत होती. युरोपीय आयोग, म्हणजे युरोपीय संघाची कार्यकारी संस्था, तिचे अहवालच काढत असे. अशा ठिकाणी बेधडक लिहावे: ‘एकीकरण झाले, एकात्मता अपुरी राहिली.’ दोन्ही जागी एकच शब्द घातला तर हे वाक्यच लिहिता येणार नाही.

शिवाय ‘विलीनीकरण’ कंपन्यांसाठी राखून ठेवायला हवे, आणि अशा लेखात तो विषय आल्याशिवाय राहणार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये आयोगाने सीमेन्स ही जर्मन आणि आल्स्टॉम ही फ्रेंच कंपनी यांच्या रेल्वे व्यवसायांचे विलीनीकरण रोखले. सिग्नल यंत्रणा आणि अतिवेगवान गाड्या या दोन्हींत स्पर्धा घटेल, असे कारण दिले. ‘बाजारांच्या एकीकरणासाठी झटणाऱ्या आयोगाने कंपन्यांचे विलीनीकरण अडवले’ हे वाक्य दोन शब्द वेगळे असले तरच वाचकाला कळते.

जाता जाता, ‘स्ट्रक्चरल चेंज’ला ‘संरचनात्मक बदल’ चुकीचे नाही, पण मी ‘रचनाबदल’ लिहितो. अर्थव्यवस्थेत शेती, कारखाने, सेवा यांचे वाटे बदलणे, एवढेच सांगायचे असते. कोळशाचेच उदाहरण घ्या. १९५१ मध्ये याच सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांच्यासाठी समुदाय स्थापला, इतके त्या दोन्हींचे महत्त्व होते. डिसेंबर २०१८ मध्ये जर्मनीच्या रूर भागात, बोट्रोप इथे, देशातली दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली आणि खाणकामगारांनी वर आणलेला कोळशाचा शेवटचा तुकडा राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला.