‘जीव दिला’ की ‘प्राण दिला’?

प्रश्न वांद्र्याहून आलाय. विचारणाऱ्या मुलीला तिच्या चर्चच्या तरुण मंडळात ‘मैत्रीतला त्याग’ यावर पाच मिनिटं बोलायचं आहे. तिने लिहिलं होतं, ‘येशूने आपल्या मित्रांसाठी जीव दिला.’ आजीने कागद वाचला आणि म्हणाली, ‘जीव काय दिला? जीव द्यायला लोक विहिरीवर जातात. प्राण दिला म्हण.’ आजीचं बरोबर आहे का, आणि भाषणाच्या नावात ‘त्याग’ घालू की ‘बलिदान’, असं तिने विचारलंय.

आजीचा कान पक्का आहे. नुसतं ‘त्याने जीव दिला’ म्हटलं की मराठी माणूस आत्महत्याच समजतो. ‘मित्रांसाठी’ जोडल्यावर अर्थ थोडा सावरतो, तरी किंतु उरतोच. मराठी बायबलातही योहानाच्या शुभवर्तमानात (15:13) मित्रांसाठी ‘प्राण’च दिलेला आहे, त्याहून मोठी प्रीती नाही, असं ते वचन. गंमत म्हणजे ‘जिवाला जीव देणारा मित्र’ म्हटलं की मरण कुठल्या कुठे पळतं. रात्री दोन वाजता रक्त द्यायला केईएम रुग्णालयात धावत येतो, तो जिवाला जीव देणारा. दुसऱ्या दिवशी तो कामावरही जातो.

‘बलिदान’ मात्र मी घालणार नाही. बळी देतात तो कोंबड्याचा, बोकडाचा. स्वतःबद्दल बोलताना आपण ‘बळी पडलो’ म्हणतो, म्हणजे मर्जी नसताना. हुतात्मा चौकातल्या भाषणात तो शब्द शोभतो. दोन मित्रांमध्ये अंगावर येतो. शिवाय मूळ ग्रीक वचनात बळीचा शब्दच नाही. ग्रीकमध्ये बळीला शब्द आहे ‘थुसिया’. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या (9:13) ‘मला दया हवी, यज्ञ नको’ या वचनात तो आहे, योहानाच्या या ओळीत नाही. (इफिसकरांच्या पत्रात, 5:2 मध्ये, ख्रिस्ताने स्वतःला अर्पण केलं त्यालाही हाच शब्द आहे. त्यामुळे मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, संदर्भात कोणी बलिदान म्हटलं तर मी हरकत घेणार नाही. पण ते अर्पण देवाला आहे.)

योहान वापरतो ते क्रियापद ‘तिथेमी’, म्हणजे साधं ‘ठेवणे’. प्राण ठेवणे. आपण संतांनी ‘देह ठेवला’ म्हणतो, ते याच्या शेजारचं. फक्त आपल्याकडे देह ठेवतात तो आयुष्य पुरं झाल्यावर, दुसऱ्या कुणासाठी नव्हे. आता दोन अध्याय मागे जा. जेवता जेवता येशू उठतो, अंगावरची बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो (13:4). तिथल्या ‘ठेवतो’लाही हेच क्रियापद आहे. पाय धुऊन झाल्यावर तो वस्त्रं परत घेतो. आणि त्याआधी दहाव्या अध्यायात प्राणाबद्दल तो हेच म्हणालेला असतो, ठेवायचा आणि परत घ्यायचा. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

पाय धुतले त्याच जेवणात पेत्र हा शिष्य येशूला म्हणून बसतो, ‘तुझ्यासाठी मी माझा प्राण देईन.’ पुन्हा तेच क्रियापद. उत्तर मिळतं की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. म्हणून ‘जिवाला जीव’ इथे पुरा पडत नाही. त्यात देवाणघेवाणीचा हिशेब गृहीत असतो. इथे समोरचा आपल्याला नाकारणार हे ठाऊक असून पाय धुतलेत.

राहिला ‘त्याग’. शब्द चालेल, चुकीचा नाही. पण त्याला संन्यासाचा वास आहे. त्यागात वस्तू आपल्या हातून सुटते, ती कुणाला मिळते याची पंचाईत तो शब्द करत नाही. कांदा-लसूणही त्यागता येतो. मी असतो तर भाषणाला नाव दिलं असतं, ‘मित्रासाठी काय काढून ठेवाल?’

उदाहरण हवंच असेल तर सकाळची विरार-चर्चगेट पकड. विरारला जागा मिळवून बसलेला बोरिवली आली की उठतो, उभ्या मित्राला म्हणतो, ‘चल, बस आता.’ तो बसतो, हा बॅग त्याच्या मांडीवर ठेवतो आणि वरची कडी पकडतो. हे भाषणात जरूर सांग. फक्त त्याला त्याग म्हणू नकोस, डब्यातले लोक हसतील.