डिस्वेड, डिस्करेज, डिटर: मन वळवणं आणि मन मोडणं

खानापूरच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "‘माय फादर डिस्वेडेड माय ब्रदर टु जॉइन द आर्मी’ हे वाक्य बरोबर आहे का? शब्दकोशात ‘परावृत्त करणे’ असा अर्थ दिलाय. म्हणजे वडिलांनी भावाला नाउमेद केलं, असंच ना?"

नाही, नाउमेद केलं असं नाही. मन वळवलं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘डिस्वेड’च्या मुळाशी लॅटिन ‘सुआदेरे’ आहे: सल्ला देणं, गळी उतरवणं. ‘पर्स्वेड’ त्याचंच भावंड. या शब्दाचं दूरचं नातं थेट आपल्या ‘स्वादु’शी लागतं, म्हणजे मुळातच यात गोडीगुलाबी आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळं भरतीचं वेड आपल्या गावागावांत आहे. पोरगा निघतो आणि वडील जेवताना म्हणतात, "आधी डिग्री तर पुरी कर, मग जा की." पोरगा थांबतो. हे डिस्वेड.

तोच पोरगा धावायच्या सरावाला जातो आणि कोणीतरी म्हणतं, "सोळाशे मीटर तुला झेपायचं नाही, सोड." हे डिस्करेज. इथं समजूत घातलेली नाही, हिंमत काढून घेतलीय. या शब्दात काळीज दडलंय: लॅटिन ‘कॉर’, आपल्या ‘हृदया’चाच सगोत्र. आपल्या शेजारच्या कन्नडमध्येही धीर खचण्याला ‘एदेगुंदु’ म्हणतात, आणि ‘एदे’ म्हणजे छाती. नाउमेद करणं, खच्ची करणं हे मराठी शब्द इथं शोभतात. मात्र सरकार एखादी सवय ‘डिस्करेज’ करतं तेव्हा ‘आळा घालणं’च म्हणावं.

‘डिटर’मध्ये धाक आहे, ‘टेरर’ त्याच कुळातला. त्याला माणूसच लागतो असं नाही. पावसाचा जोर बघून चोर्ला घाटानं गोव्याला जायचा बेत सोडला, तर पावसानं डिटर केलं.

आता वाक्याची चूक. आपण मराठीत "जाऊ नको म्हणून समजावलं" म्हणतो, कन्नडमध्ये "होगबेड अंत". त्या वळणानं इंग्रजीतही ‘टु’ किंवा ‘नॉट टु’ येतं. पण नकार ‘डिस्’मध्ये आधीच आहे, पुढं ‘फ्रॉम’ आणि ‘इंग’ हवं: ‘डिस्वेडेड माय ब्रदर फ्रॉम जॉइनिंग द आर्मी’.

आणखी एक. "वडिलांनी खूप समजावलं" यावरून भाऊ गेला की राहिला ते कळत नाही. आजच्या इंग्रजीत नुसतं ‘डिस्वेडेड’ म्हटलं की तो राहिला, असंच वाचणारा धरतो. तुमचा भाऊ वडिलांचं न ऐकता भरतीला गेला असेल, तर ‘ट्राइड टु डिस्वेड’ असं लिहा.