वाचकांचे प्रश्न : गुणी कुत्रा आणि ‘अनुभवी घरा’ची अट

प्रश्न : आमच्या शहरातील एका प्राणी निवाऱ्यात दीड वर्षाचा एक नर कुत्रा आहे. अंगकाठीवरून तो कारवान जातीच्या संकरातला असावा, असे तेथील डॉक्टरांचे मत आहे. त्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले आहे. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला अंग टेकून उभा राहिला, तिच्या हातातले बिस्किट त्याने अलगद घेतले आणि आम्ही निघालो तेव्हा फाटकापर्यंत सोबत आला. आम्ही लगेच अर्ज भरला; मात्र तेथील ताईंनी “ह्याला अनुभवी घरच हवे,” असे सांगून अर्ज राखून ठेवला आहे. आमच्याकडे बारा वर्षे लॅब्रॅडॉर होता आणि त्याचे शेवटपर्यंत सगळे आम्हीच केले. हा अनुभव पुरेसा नाही काय? इतक्या प्रेमळ कुत्र्यासाठी अशी अट कशाला? आम्ही तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. आवारात चार-पाच मांजरे आहेत. सोसायटीच्या एक-दोन सभासदांनी ‘मोठा कुत्रा नको’ असेही आतापासूनच सुनावले आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला बारा वर्षांचा अनुभव खरा आहे आणि तो वाया जाणार नाही. लशींच्या तारखा सांभाळणे, पावसाळ्यात गोचिडांवर लक्ष ठेवणे, म्हातारपणी जिना चढू न शकणाऱ्या कुत्र्याला उचलून वर नेणे हे सारे आपण केले आहे, आणि पहिल्यांदाच कुत्रा आणणाऱ्या कुटुंबाला यातले निम्मेही ठाऊक नसते. मात्र ताईंना काळजी वाटत असावी ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती गोष्ट आपण ओझरती लिहून पुढे गेला आहात : आवारातील मांजरे.

कुत्रा माणसाशी कसा वागतो आणि पळणाऱ्या लहान प्राण्याशी कसा वागतो, या दोन बाबींचा परस्परांशी फारसा संबंध नसतो. शिकारी प्राण्याच्या वर्तनाला एक क्रम असतो : सावज दिसणे, त्यावर नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे. माणसाने कुत्र्याच्या निरनिराळ्या जाती घडवताना या क्रमातील काही पायऱ्या ठळक केल्या आणि काही दाबून टाकल्या. लॅब्रॅडॉर हा बंदुकीने पाडलेला पक्षी तोंडात हलकेच धरून धन्याच्या हाती आणून देण्याच्या कामासाठी वाढवला गेला. त्याच्या कामाची सांगताच माणसाजवळ परत येण्यात असते. त्यात तो खाण्याचा लोभी असल्यामुळे हाक आणि खाऊ यांच्या जोरावर त्याला वळवणे तुलनेने सोपे जाते. कारवानची घडण याच्या उलट आहे. मराठवाडा, सोलापूर आणि लगतच्या उत्तर कर्नाटकातील उघड्या माळरानांवर सशामागे धावण्यासाठी पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेले हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर शिकार करतात, आणि ती धन्यापासून बरेच दूर, स्वतःच्याच निर्णयाने करतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि पुढे अशी शिकार गुन्हा ठरली. कुत्र्याची नजर आणि पाय मात्र तेच राहिले. त्यामुळे एकदा पाठलाग सुरू झाला की मागून मारलेली हाक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही, असे धरून चालावे. लॅब्रॅडॉरवर बारा वर्षे उपयोगी पडलेली हाक इथे ऐन वेळी कामी येणार नाही, आणि जुन्या सवयीने आपण नेमके तिच्यावरच विसंबून राहाल, ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

त्यात त्याचे वयही अवघड आहे. दीड वर्षाचा कुत्रा उंचीने पूर्ण वाढलेला असला तरी डोक्याने अजून पोरवयातच असतो. आठवड्यापूर्वी शिकलेले तो विसरल्यासारखे वागतो, ताकद पूर्ण असते आणि आवर अर्धाच. निवाऱ्यातील बरेच तरुण कुत्रे याच वयात सोडून दिलेले असतात, कारण गोंडस पिल्लू आणलेल्या घराला हा टप्पा झेपत नाही. निवाऱ्यात त्याचे दिवस ठरावीक फेऱ्यांत जात असल्यामुळे घरी आल्यावर तो जसा वागेल त्याचे पूर्ण चित्र तेथे दिसत नाही, हेही लक्षात घ्यावे. पहिले काही दिवस गुपचूप बसणारा कुत्रा तीन-चार आठवड्यांनी रुळल्यावर आपले खरे रंग दाखवू लागतो. ‘आणला तेव्हा किती शहाणा होता’ ही तक्रार निवाऱ्यातील माणसे नेहमी ऐकतात, आणि त्यात कुत्र्याचा दोष क्वचितच असतो.

एक बारीकशी बाब सांगतो, कारण अपघात बहुधा तिथेच होतो. कारवानचे डोके निमुळते असते आणि मान त्या मानाने रुंद व पिळदार असते. साधा बकलाचा पट्टा आपल्याला घट्ट वाटत असतो; कुत्रा समोरच्या मांजराकडे झेपावण्याऐवजी दचकून मागे सरकतो, मान खाली घालतो आणि डोके पट्ट्यातून सहज सुटते. रिकामा पट्टा आपल्या हाती राहतो आणि कुत्रा रस्त्याच्या पलीकडे असतो. म्हणून अशा कुत्र्याला ताण पडताच पुरेसा आवळला जाणारा रुंद मार्टिंगेल पट्टा किंवा पोटामागूनही एक बंद असलेला हार्नेस घालावा, आणि सुरुवातीचे काही महिने दोन्ही घालून दोरी दोन्हींना अडकवावी. आपोआप लांबणारी, प्लास्टिकच्या मुठीची दोरी अजिबात वापरू नये. धाव घेणाऱ्या कुत्र्याला ती हवा तेवढा वेग घेऊ देते आणि मग एकदम झटका बसतो; मूठ हातातून निसटली तर ती मागे खडखडत येते आणि घाबरलेले कुत्रे आणखी जोरात पळते. गॅलरीच्या कठड्यावर उंच जाळी बसवल्याशिवाय त्याला घरी आणू नये. ही सूचना सल्ला म्हणून नाही, अट म्हणूनच वाचावी.

मांजरांच्या बाबतीत काम करता येते, पण ते लांबून करावे लागते. मांजर दिसूनही कुत्रा अजून आपल्याकडे वळून पाहू शकतो, असे एक अंतर प्रत्येक कुत्र्याचे ठरलेले असते. कोणाचे ते वीस पावले असते, कोणाचे साठ. त्या अंतरावर उभे राहून, तो मांजराकडून नजर काढून आपल्याकडे वळला की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यावा, आणि कान ताठ होऊन तोंड मिटले, शरीर गोठल्यासारखे झाले, की काही न बोलता त्याला घेऊन मागे फिरावे. दोरी हिसडणे, ओरडणे किंवा मारणे यांचा उपयोग होत नाही. हे कुत्रे मुळात हळवे असतात आणि मारामुळे मांजराचा नाद सुटत नाही, आपल्यावरचा विश्वास तेवढा सुटतो. ही जात शिकतच नाही, हा समजही खरा नाही. कारवानच्या अगदी जवळच्या मुधोळ हाउंडची पिल्ले भारतीय लष्कराने २०१६ साली मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली होती. मात्र मोकळ्या आवारात त्याला पट्ट्याविना सोडण्याची वेळ कदाचित कधीच येणार नाही, ही गोष्ट आपल्याला आजच मान्य असली पाहिजे.

तेव्हा अर्जाविषयी वाद घालण्याऐवजी ताईंकडून नेमकी माहिती मागावी. मांजर किती अंतरावर असताना तो अनावर होतो? धावणारी मुले आणि सायकली पाहून काय करतो? जेवणाच्या भांड्याजवळ हात नेला तर थबकतो का, गुरगुरतो का? एकटा किती वेळ राहू शकतो? आपल्या घरी लहान मूल असल्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते उत्तर समाधानकारक नसेल, तर मांजरांचा विचार करण्याचीही गरज नाही. आपण दुसऱ्या कुत्र्याचा विचार करावा. ते समाधानकारक असेल, तर दर आठवड्याला जाऊन त्याला स्वतः फिरवावे आणि पुढे महिना-दोन महिने तात्पुरता सांभाळ करण्याची तयारी लेखी कळवावी. निवाऱ्यांना अशी माणसे हवीच असतात, आणि अटीमागची शंका त्यातूनच फिटते. मुलीने त्याला एकटीने खाली नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

राहता राहिली सोसायटी. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, आणि कुत्र्याचा आकार किंवा जात हे हरकतीचे कारण होऊ शकत नाही. आपण महानगरपालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला तयार ठेवावा, आणि मांजरांना खाऊ घालणाऱ्या शेजाऱ्यांशी मात्र आधीच बोलून घ्यावे. नियम आपल्या बाजूचा असला, तरी रोज सकाळी जिन्यात त्यांचीच गाठ पडणार आहे.

प्रश्न : मी एका निवाऱ्यात स्वयंसेविका आहे. आमच्याकडील एक तरुण, मनमिळाऊ कुत्री वर्षभर घराची वाट पाहते आहे. तिच्या माहितीत आम्ही ‘अनुभवी पालक हवेत’ असे लिहितो आणि त्यानंतर फोन येणेच बंद होते. ही अट गाळून टाकली तर चालेल काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गाळू नये. गाळली तर फोन येतील, कुत्री घरीही जाईल आणि महिन्याभरात परत येईल. अशा प्रत्येक फेरीनंतर तिला नवे घर मिळणे अधिक कठीण होते. परंतु आहे तशीही ही अट ठेवू नये, कारण वाचणाऱ्याला तिच्यातून एवढेच कळते की कुत्रीत काहीतरी गंभीर खोट आहे. मग ज्याला खरोखर जमले असते तोही मागे हटतो. खोट कोणती, ती कितपत आहे आणि तिच्यासाठी रोज काय करावे लागते, हे सरळ लिहावे. उदाहरणार्थ : “माणसांवर जीव टाकते, मोठ्या कुत्र्यांशी खेळते. हाडूक हिसकावून घेतले तर गुरगुरते, बदल्यात दुसरे काही दिले तर आनंदाने सोडते. एकटी दोन तास शांत राहते, त्याहून अधिक अजून नाही. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास चालवणारे, दहा वर्षांखालील मूल नसलेले घर हवे. पहिले तीन महिने आमचा प्रशिक्षक घरी येईल.” यातील शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहावे, ते खरे करता आले तर ‘अनुभवी’ पालकांची आपली शोधाशोध बरीच कमी होईल, कारण शिकण्याची तयारी असलेली माणसे मिळतात, आयती शिकलेली थोडीच असतात.

छायाचित्र पिंजऱ्याच्या गजांमागचे नसावे. आणि करारपत्रात, काही कारणाने जमले नाही तर कुत्री निवाऱ्याकडेच परत द्यायची, परस्पर कोणालाही द्यायची नाही, हे कलम आवर्जून घालावे.