होलला बिचकू नको, राजा

सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात इलेक्ट्रॉन सुटून गेला की मागे उरलेली रिकामी जागा म्हणजे होल. रिकामी जागा करंट कसा नेईल, हे कोडं तुझ्यासारखं मलाही पडलं होतं. नागपूरच्या बर्डीवरून निघालेल्या भरगच्च सिटी बसमध्ये पुढची सीट रिकामी झाली की मागचा तिथे सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा. माणसं पुढे, रिकामी सीट मागे. होल तसाच, धन प्रभाराचा. (उपमा इथवरच ताण.)

शुद्ध सिलिकॉनमध्ये साध्या तापमानाला दर घनसेंटीमीटरला सुमारे १,००० कोटी मोकळे इलेक्ट्रॉन, तितकेच होल. तांब्यात त्याच्या ८.५ लाख कोटी पट इलेक्ट्रॉन! उष्णतेने सिलिकॉनमध्ये नवे इलेक्ट्रॉन आणि होल सुटतात; तांब्यात इलेक्ट्रॉन आधीच भरपूर, तिथे फक्त अणूंची थरथर वाढून त्यांची वाट अडते. म्हणून आपल्या मे महिन्यात तांब्याचा रोध वाढतो, शुद्ध सिलिकॉनचा मात्र घटतो.

आणि जस्ताचा हॉल व्होल्टेज (करंट वाहणारी पट्टी चुंबकक्षेत्रात धरली की तिच्या दोन कडांमध्ये येतो तो) तांब्याच्या उलट्या चिन्हाचा आला, तर मीटरच्या वायरी बदलत बसू नकोस. तो तसाच येतो, कारण जस्तात करंट जणू होलच नेतात. माझी अख्खी दुपार गेली होती त्यात.