पुण्यात पोलिस आणि गुन्ह्यांच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय तेरा वर्षांच्या मुलीला दाखवायचं तर कुठे जावं?

तुमच्या लेकीला तपासाच्या गोष्टी आवडतात, एका रविवारात पाहून होईल असं काहीतरी हवंय, आणि हे सगळं तिच्या वयाला झेपेल का अशी शंकाही तुम्ही विचारली आहे. मी पुण्यात फौजदारी वकिली करते. मुद्देमाल, पंचनामे, साक्षी यांतच दिवस जातो, त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझं उत्तर : चिंचवडगावातला चापेकर वाडा. लोक तिथे क्रांतिकारकांचं स्मारक म्हणून जातात, आणि ते आहेच. पण एका मोठ्या गुन्ह्याचा तपास कसा चालला, कुठे अडला आणि कशामुळे सुटला, हे इतकं नीट समजून घेता येईल अशी दुसरी जागा मला तरी पुण्यात माहीत नाही. फक्त जाताना गोष्ट घरून सांगून न्या. मुलं आधी वस्तूंकडे धावतात आणि मजकूर वाचायचा राहून जातो.

गोष्ट थोडक्यात अशी. 1896 च्या अखेरीस पुण्यात प्लेग आला. रँड नावाच्या अधिकाऱ्याकडे बंदोबस्त सोपवला गेला. गोरे शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले, माणसं उचलून नेऊ लागले, सामान जाळू लागले. शहर संतापलं. 22 जून 1897 ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा समारंभ गणेशखिंडीच्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये होता. ती इमारत म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. रात्री समारंभ आटोपून गाड्या परतत असताना दामोदर चापेकरांनी रँडच्या गाडीवर मागून चढून गोळी झाडली. त्यांचे धाकटे भाऊ बाळकृष्ण यांनी दुसऱ्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर झाडली. आयर्स्ट तिथेच गेला, रँड 3 जुलैला.

इथे थांबा आणि लेकीला विचारा, तू तपास अधिकारी असतीस तर कुठून सुरुवात केली असतीस? अंधार, सणासारखी गर्दी, गाड्यांची रांग, मारेकऱ्यांना ओळखणारं कुणी नाही. सरकारने काय केलं तेही तिला शोधू द्या. वीस हजार रुपयांचं इनाम लावलं. शहरावर जादा पोलिस बसवले आणि त्यांचा खर्च शहराकडूनच वसूल केला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून दीड वर्षाची शिक्षा दिली. पुण्यातल्या सरदार नातू बंधूंना तर खटल्याशिवायच, 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली कैदेत टाकलं. यातल्या एकाही गोष्टीने मारेकरी सापडले नाहीत. ब्रुइन नावाच्या पोलिस अधिकाऱ्याला धागा मिळाला तो द्रविड बंधूंच्या खबरीतून. दामोदर पकडले गेले आणि ऑक्टोबर 1897 मध्ये मॅजिस्ट्रेटपुढे त्यांचा जबाब झाला. पुढे फेब्रुवारी 1899 मध्ये चापेकरांपैकी सगळ्यात धाकट्या भावाने, वासुदेवाने, महादेव रानड्यांच्या साथीने त्या द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या. 18 एप्रिल 1898 ला दामोदर, मग मे 1899 च्या पाच दिवसांत वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण, असे चौघेही येरवड्यात फाशी गेले. एका आईचे तीन मुलगे.

माझ्या धंद्यातल्या माणसाला यात खटकतं ते हे, की एवढा मोठा तपास शेवटी खबर आणि कबुली या दोनच पायांवर उभा राहिला. घटनास्थळाने काहीच बोललेलं नाही. आता एक तारीख लक्षात ठेवा. 12 जून 1897, म्हणजे गणेशखिंडीच्या बरोबर दहा दिवस आधी, गुन्हेगारांच्या नोंदी बोटांच्या ठशांवरून ठेवाव्यात या अहवालाला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने मान्यता दिली. त्याच वर्षी कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. स्कॉटलंड यार्डातलं त्यानंतर, 1901 मध्ये. पद्धतीला नाव मिळालं बंगालचे पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचं, पण वर्गीकरणाचं गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलिस कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. ही दोन नावं मुलांना सांगायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं.

ते गणित तुम्ही जेवणाच्या टेबलावर करून दाखवू शकता. आपल्याकडे आजी बोटं बघून शंख किती, चक्रं किती ते सांगायची ना, तेच. पहिल्या पायरीला एवढंच बघायचं की कोणत्या बोटावर चक्र आहे आणि कोणत्या बोटावर नाही. प्रत्येक बोटाला दोन शक्यता, बोटं दहा, म्हणजे दोनाचा दहावा घात : 1024 कप्पे. हजारो कागदांच्या ढिगातून एका माणसाचा कागद शोधायचा तर या 1024 पैकी एकच कप्पा उघडायचा. स्टॅम्प पॅड आणि कोरा कागद आणा, घरातल्या सगळ्यांचे ठसे घ्या, आणि कोण कोणत्या कप्प्यात जातं ते तिला ठरवू द्या. मग विचारा, ही सोय पुण्यात असती तर चापेकर लगेच सापडले असते का? नसते. कारण ज्याचा ठसा आधी नोंदवलेला आहे त्यालाच हा कागद ओळखतो, आणि कीर्तनकाराच्या या मुलांची नोंद पोलिसांकडे असण्याचं कारणच नव्हतं. हे उत्तर तिला स्वतःहून सापडलं तर तुमचा रविवार सार्थकी लागला.

इथूनच एक जड विषय निघतो आणि तो टाळू नका. नोंद कुणाची ठेवायची, हे कोण ठरवतं? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 1911 च्या कायद्याने तो फास देशभर पोचला. हजेरी, ठसे, गाव सोडायला परवानगी, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापूरची वसाहत आपल्याकडे आजही लोकांच्या आठवणीत आहे. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. पण फासेपारध्याच्या पोराकडे आजही कशा नजरेने पाहिलं जातं ते मी कोर्टाच्या आवारात बघते, आणि दर वेळी चीड येते. पोलिसांच्या इतिहासाचं कुठलंही दालन ही बाजू सांगत नसेल तर ती आईवडिलांनी सांगावी.

तिच्यासाठी एक सवय सुचवते, कुठल्याही संग्रहालयात कामी येईल. वस्तू पाहिली की तीन गोष्टी विचारायच्या : ही कुठे सापडली, कुणाला सापडली, कुणादेखत सापडली. आमच्याकडे जप्त केलेल्या चाकूला लाखेचं सील लागतं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लागते, मुद्देमाल रजिस्टरला नंबर पडतो. सील तुटलेलं निघालं किंवा पंच उलटला, की त्या चाकूची किंमत कोर्टात घसरते, मग त्यावर कितीही रक्त असो. म्हणून वस्तूपेक्षा शेजारची चिठ्ठी आधी वाचायला शिकवा. चिठ्ठीवर काही नसेल तर तिथल्या माणसाला नम्रपणे विचारायला सांगा.

वेळ उरला आणि शनिवारवाड्याकडे गेलात तर घाशीराम कोतवालाची हकिकत सांगा. 1791 च्या ऑगस्टमध्ये त्याने काही तेलंगी ब्राह्मणांना अरुंद जागेत कोंडलं, त्यातले बरेच जण गुदमरून मेले, आणि चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. कोठडीतला मृत्यू हा पुण्यात इतका जुना विषय आहे. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे आज राज्यघटनेच्या 22 व्या कलमात आहे. तो नियम कशासाठी आहे हे या गोष्टीनंतर वेगळं समजवावं लागत नाही.

आता झेपण्याचं. तेरा वर्षांच्या मुलीला फाशी, प्लेग, सूड हे सगळं सांगता येतं, खोटं न सांगता सांगितलं तर. चापेकरांबद्दल मला आदर आहे, तरीही आयर्स्टचं नाव मी गाळत नाही. झडत्या रँडच्या हुकमाने चालल्या होत्या, आयर्स्टच्या नाही. तिला याबद्दल प्रश्न पडले तर पडू द्या, लगेच उत्तर देऊ नका.

जोशी-अभ्यंकर प्रकरण मात्र सध्या राहू द्या. पुण्यात या विषयावर बोलायला बसलं की कुणीतरी ते काढतंच, आणि बारीकसारीक वर्णन सुरू होतं. 1976-77 मधले ते खून म्हणजे या शहरातल्या माणसांच्या घरातलं दुःख आहे. चार जणांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी झाली, एवढंच पुरे. बाकीचं ती मोठी झाली की स्वतः वाचेल.

येरवड्याचं म्हणाल तर 26 जानेवारी 2021 ला तिथे तुरुंग पर्यटन सुरू झालं. गांधीजी जिथे कैदेत होते तो भाग आणि 1932 च्या पुणे कराराशी जोडलेलं आंब्याचं झाड ही तिथली पाहण्याची ठिकाणं. पण ते चालू कारागृह आहे, मनात आलं आणि गेलो असं होत नाही. परवानगीची चौकशी आधी करा, ओळखपत्रं बरोबर ठेवा. चिंचवडच्याच दिवशी ते जमवू नका, मुलगी दमेल. वाड्याच्या वेळाही निघण्याआधी विचारून घ्या, आणि शक्यतो सकाळी पोचा, म्हणजे गर्दी व्हायच्या आत तिला निवांत वाचता येईल.