नाव बदललेली फाइल ओळखायची कशी?

प्रश्न : आमच्या कंपनीच्या यंत्रनियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये पूर्वीच्या सहकाऱ्यांनी झेडलिबसारख्या (डेटा संकुचित करणारे पॅकेज) मुक्तस्रोत पॅकेजांतील फाइली नावे बदलून वापरल्या आहेत. ग्राहकाला आता अशा सर्व घटकांची यादी आवृत्त्यांसह हवी आहे. हॅशवरून ती करता येईल का?
– एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : बऱ्याच अंशी येईल. हॅश म्हणजे फाइलचा ठसा ठरणारा, ठरावीक लांबीचा अंक-अक्षरांचा संच. तो फाइलमधील बाइटांवरूनच काढला जातो; नाव, तारीख वा फोल्डर यांचा त्याच्याशी संबंध नसतो. त्यामुळे आतला मजकूर जसाच्या तसा असेल, तर नाव काहीही असले तरी मूळ पॅकेजमधील फाइलशी तिचा हॅश तंतोतंत जुळतो. हॅश एसएचए-२५६ पद्धतीनेच काढावा, कारण भिन्न मजकुराच्या, पण एसएचए-१ या जुन्या पद्धतीने एकच हॅश येणाऱ्या दोन पीडीएफ फाइली २०१७ मध्येच तयार करून दाखवण्यात आल्या आहेत. गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील फाइलच्या हॅश-क्रमांकाशी मात्र थेट तुलना करू नये. गिट मजकुरापूर्वी फाइलचा प्रकार आणि लांबी जोडून मगच हॅश काढते, त्यामुळे तीच फाइल असूनही आकडे जुळत नाहीत.

खरी कसोटी आवृत्ती ठरवताना लागते. काही फाइली अनेक आवृत्त्यांत मुळीच बदलत नाहीत आणि अशी एखादी फाइल जुळल्याने काहीच निश्चित होत नाही. याउलट झेडलिबच्या मुख्य हेडर फाइलमध्ये (इतर फाइलींत समाविष्ट केली जाणारी घोषणांची फाइल) आवृत्तीचा क्रमांकच लिहिलेला असल्याने ती प्रत्येक आवृत्तीत वेगळी असते, म्हणून प्रथम तीच शोधावी. हा काटेकोरपणा अनाठायी नाही, कारण १.२.११ मध्ये डेटा संकुचित करताना मेमरी बिघडवू शकणारा दोष होता आणि तो २०२२ मध्ये १.२.१२ या आवृत्तीत दुरुस्त झाला.

हॅश न जुळल्यास फाइल तुमचीच आहे, असे समजू नये. विंडोजवर जतन करताना ओळीअखेरीची चिन्हे बदलली, तरी संपूर्ण हॅश बदलतो (आमच्या मते निम्मा गोंधळ येथेच होतो). दोन्हीकडील चिन्हे एकसारखी करून पुन्हा तुलना करावी. त्यानंतरही न जुळणाऱ्या फाइली मूळ फाइलशेजारी ठेवून ओळीओळीने तपासाव्यात आणि साम्य आढळल्यास यादीत ‘बदललेली’ अशी नोंद करावी. बदललेल्या स्रोतावर तसे स्पष्ट नमूद करणे झेडलिबच्या परवान्यानुसार बंधनकारकच आहे.