व्हायरल लोड ‘आढळला नाही’ वरून 68 झाला, म्हणजे औषध निकामी झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादा काही वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेतायत, व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती आहे त्याचा) रिपोर्ट कायम ‘आढळला नाही’ असा यायचा, या वेळी 68 आला. औषध बदलावं लागेल का, आणि वहिनींना धोका आहे का? शिवाय तुमच्या मित्राला हिपॅटायटिस बी (लिव्हरचा विषाणू) आहे, त्याचा व्हायरल लोड 1,200 असूनही डॉक्टर गोळी सुरू करत नाहीत, हे कसं?

आधी दादांचं. एकट्या 68 वरून औषध निकामी झालं असं कुणी म्हणणार नाही. मी विषाणूंच्या पीसीआर तपासण्या (विषाणूचा जनुकीय भाग वाढवून मोजणं) करणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण हा आकडा मशीनमधून कसा निघतो ते रोज बघतो, आणि तेवढं कळलं तरी निम्मी धास्ती जाते.

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त येतं. ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वर साठलेला पिवळसर प्लाझ्मा काढून घेतात. त्यातल्या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय भाग, वेगळा काढायचा, त्यावरून डीएनए बनवायचा आणि तो दर फेरीला दुप्पट करत न्यायचा. स्क्रीनवर प्रत्येक सॅम्पलची रेघ बराच वेळ आडवी सरपटत राहते आणि कुठल्यातरी फेरीला एकदम वर उसळते. विषाणू जास्त असला की लवकर. दहापट कमी असला की साधारण सव्वातीन फेऱ्या उशिरा. प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांशी ही फेरी ताडून एका मिलिलिटरमागे विषाणूच्या आरएनएच्या किती कॉपीज (प्रती) ते ठरतं. (कोविडमध्ये गाजलेली सीटी व्हॅल्यू म्हणजे हीच उसळायची फेरी. तिलाच लोक व्हायरल लोड समजायचे, पण घशातून बोळ्यावर किती स्राव आला याचंच माप नसायचं, मग तुलना कशाची करणार?)

आता एका मिलिलिटरमध्ये मुळात विषाणूच मोजके असतील, तर त्यातले किती आपल्या हाती लागले हा बराचसा योगायोग. दादांचंच सॅम्पल पुन्हा लावलं आणि 40 किंवा 110 आला, तर मला नवल वाटणार नाही. म्हणूनच आम्ही फरक वजाबाकीने बघत नाही, पटीत बघतो. रिपोर्टवर आकड्याशेजारी ‘लॉग’ असा एक रकाना असतो, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. एक लॉग म्हणजे दहापट. अर्ध्या लॉगच्या, म्हणजे साधारण तिपटीच्या आतला फरक मशीनच्या आणि शरीराच्या नेहमीच्या चढउतारात जमा. 40,000 चे 60,000 झाले की घरचे हादरतात, प्रत्यक्षात ती जेमतेम दीडपट असते. उलट 400 चे 4,000 झाले तर आकडा लहान दिसला तरी ती बातमी मोठी.

‘आढळला नाही’ म्हणजे विषाणू शरीरातून गेला, असंही नव्हे. काही पेशींमध्ये तो झोपून राहतो, तिथे गोळ्यांचा इलाज चालत नाही. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो रक्तात परत दिसायला लागतो. त्याचा मूळ वेग केवढा असतो हे 1995-96 मध्ये डेव्हिड हो, अॅलन पेरेल्सन वगैरे संशोधकांनी औषध दिल्यावर व्हायरल लोड कसा घसरतो ते मोजून दाखवलं. उपचार नसलेल्या रुग्णात दिवसाला सुमारे 1,000 कोटी नवे विषाणू तयार होतात, असा त्यांचा हिशेब निघाला. त्याआधी, लक्षणं दिसत नाहीत त्या वर्षांत विषाणू बव्हंशी शांत असतो, असा समज होता. माझ्या मते उपचाराचा सगळा विचार फिरवला तो या मोजणीने.

तर एकदाच थोडा वर येऊन पुन्हा खाली जाणाऱ्या अशा आकड्याला ‘ब्लिप’ म्हणतात. डॉक्टर बहुधा आधी विचारतील, गोळ्या चुकल्या का, दुसरं एखादं औषध किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या नव्याने सुरू केल्या का. मग काही काळाने पुन्हा तपासणी. आकडा सलग 200 च्या वर राहायला लागला तर बरेच तज्ज्ञ सावध होतात. जागतिक आरोग्य संघटनेची औषध निकामी ठरवण्याची रेषा 1,000 ची आहे, आणि तिथेही आधी गोळ्या नीट घेण्याबद्दल समुपदेशन, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, मग निर्णय. तेव्हा गोळी एकही चुकवू नका, आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या किटचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

वहिनींबद्दल: 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात अशी 888 जोडपी होती, ज्यात एकाला एचआयव्ही होता आणि त्याचा लोड उपचारांनी 200 च्या खाली होता. कंडोमशिवाय सुमारे 58,000 वेळा संबंध येऊनही जोडीदाराकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. 68 हा 200 च्या बराच आत आहे.

मित्राची गोष्ट मात्र वेगळ्याच विषाणूची आहे, आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवूच नका. त्याचा रिपोर्ट बहुधा आंतरराष्ट्रीय एककांत असेल, कॉपीजमध्ये नाही. शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू स्वतः लिव्हरच्या पेशी फारशा मारत नाही. नुकसान मुख्यतः आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींवर तुटून पडते त्यातून होतं. त्यामुळे काही तरुण रुग्णांत आकडा कोटींत असतो आणि लिव्हर शांत, तर कुणाचा काही हजारांवर असूनही आत जून झालेले व्रण सापडतात. म्हणून डॉक्टर लोडसोबत एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि लिव्हर किती कडक झालंय हे बघतात. 2,000 च्या खाली लोड, एसजीपीटी नॉर्मल आणि लिव्हर मऊ असेल, तर गोळी न देता ठरावीक काळाने तपासत राहणं ही नेहमीची पद्धत आहे. पण सिरोसिस (लिव्हर व्रणांनी पार कडक होणं) झाला असेल तर कमी आकड्यालाही गोळी देतात. मित्राचा फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) झालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाला नसेल तर डॉक्टरांना आधी तेच विचारायला सांगा.